पुसलेले नाव : वाङ्मयचौर्याच्या कल्पनेचा आढावा

‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात सालोमालो नावाचे पात्र आहे. तुकोबांची कवने तो स्वतःची म्हणून लोकांपुढे मांडतो आणि वर तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो. दामले-फत्तेलाल यांनी पडद्यावर आणलेला हा खलपुरुष केवळ पटकथेच्या सोयीसाठी जन्मलेला नाही. सालोमालो हे नाव थेट गाथेत येते. संतांची वचने मोडायची, त्यांचे दागिने घडवून स्वतः मिरवायचे आणि दुसऱ्याचे ते आपले म्हणायचे, या वृत्तीवर तुकोबांनी तिथे कोरडे ओढले आहेत.

या तक्रारीत एक पेच आहे. कुणी अभंग नेला म्हणून तो तुकोबांकडून गेला नाही. तो त्यांच्या मुखी राहिला, टाळकऱ्यांच्या मुखी राहिला. शब्दांचा काही त्यांनी बाजार मांडलेला नव्हता, तेव्हा उत्पन्न बुडाल्याचाही प्रश्न नव्हता. मग चोरीला गेले ते काय? गेली दोन हजार वर्षे निरनिराळ्या भाषांतल्या कवींनी, टीकाकारांनी, न्यायाधीशांनी आणि आता विद्यापीठांनी या प्रश्नाची उत्तरे दिली आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट ठळक होते. उसनवारीला जवळजवळ प्रत्येक परंपरेने मोकळीक दिली. आक्षेप राहिला तो लपवण्याला, मूळ नाव पुसण्याला.

मराठीत या कृत्याला ‘वाङ्मयचौर्य’ म्हणतात. बोलताना माणसे ‘ढापले’, ‘उचलले’ म्हणतात, वर्तमानपत्रे ‘उचलेगिरी’ लिहितात. या सगळ्या शब्दांमागे ऐवजाची कल्पना आहे. इंग्रजीतला ‘प्लेजरिझम’ मात्र माणूस पळवण्याच्या गुन्ह्यातून आला. लॅटिनमध्ये ‘प्लागियारियस’ म्हणजे स्वतंत्र माणसाला गुलाम म्हणून डांबून ठेवणारा किंवा दुसऱ्याचा गुलाम पळवणारा. रोममध्ये या गुन्ह्यासाठी ‘लेक्स फाबिया’ हा स्वतंत्र कायदा होता.

हा शब्द साहित्यात आणला मार्शल या कवीने. तो मूळचा आजच्या स्पेनमधल्या बिल्बिलिस गावचा. रोममध्ये येऊन त्याने छोट्या, बोचऱ्या कवितांवर नाव कमावले. त्याच्या अशा कवितांचे पहिले पुस्तक इसवी सन ८६च्या सुमाराचे. त्या काळी पुस्तके हाताने नकलून घेतली जात. लेखकाला त्यातून हक्काचे काही मिळत नसे आणि कवीचा चरितार्थ आश्रयदात्यांच्या मर्जीवर चाले. कविता कोणाची हे लोकांना ठाऊक असणे हीच त्याची पुंजी. फिडेंटिनस नावाचा कोणी मार्शलच्या कविता स्वतःच्या म्हणून वाचून दाखवत असे, आणि मार्शलने त्याला एकामागून एक कवितांत पकडले. एका ठिकाणी तो म्हणतो, तू इतके वाईट वाचतोस की कविता तुझीच होऊन जाते. दुसरीकडे सांगतो की तुझे एकच पान माझ्या पुस्तकात शिरले आहे आणि तेच तुझी चोरी ओरडून सांगते.

क्विंटियानस या परिचिताला उद्देशून लिहिलेल्या कवितेत तो ऐतिहासिक शब्द येतो. मार्शल त्याला गळ घालतो की, माझ्या कवितांवर कोणी मालकी सांगू लागला तर त्या माझ्या आहेत आणि मी त्यांना मुक्त केले आहे असे तू सांग. तीन-चार वेळा ठणकावून सांगितलेस की त्या पळवणाऱ्याला लाज वाटेल. रोममध्ये मुक्त झालेला गुलाम आपल्या जुन्या धन्याचे कुळनाव लावत असे. तो हवे तिथे जाई, हवा तो धंदा करी, पण नाव सोबत राही. प्रसिद्ध झालेल्या कवितेचेही तसेच, अशी मार्शलची धारणा दिसते. कोणीही ती म्हणावी, कोणीही उतरवून घ्यावी, पण जन्मदात्याचे नाव तिच्यासोबत जावे. फिडेंटिनसने ते नाव काढून तिथे स्वतःचे लावले.

मार्शलचा हा शब्दप्रयोग पुढे बराच काळ अडगळीत पडला. पंधराव्या शतकात इटलीतल्या लोरेन्झो व्हाल्ला या पंडिताने तो पुन्हा उपयोगात आणला. सोळावे शतक संपता संपता इंग्रजीत त्याची चाहूल लागते आणि बेन जॉन्सनच्या ‘पोएटॅस्टर’ या १६०१च्या नाटकात तो शिवीसारखा येतो. पण त्या काळचा लेखक आजच्या अर्थाने ‘स्वतंत्र’ लिहिण्याची हौस बाळगत नव्हता. जुन्यांचा आदर्श गिरवणे हेच शिक्षण होते. व्हर्जिल होमरच्या वाटेने गेला, शेक्सपिअरने रोमन नाटकांचा मालमसाला प्लुटार्कच्या इंग्रजी भाषांतरातून उचलला, आणि वाचकांना त्यात वावगे वाटले नाही.

अठराव्या शतकात हवा बदलली. १७१०मध्ये इंग्लंडात राणी ॲनच्या काळचा कायदा आला आणि छापील पुस्तकावर लेखकाला ठरावीक मुदतीचा हक्क मिळाला. १७५९मध्ये एडवर्ड यंग या कवीने अस्सल निर्मितीची थोरवी गाणारा निबंध लिहिला. लेखक म्हणजे शून्यातून घडवणारा, ही कल्पना या वळणावर बळावली आणि त्याबरोबर उसनवारीचा डागही गडद झाला. इंग्रज कवी कोलरिजच्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या १८१७च्या ग्रंथात शेलिंग या जर्मन तत्त्वज्ञाचा मजकूर जवळजवळ शब्दशः उतरला असल्याचे डी क्विन्सी या निबंधकाराने १८३४मध्ये, कोलरिज वारल्यानंतर, उघड केले. दोन शतके आधी अशा गोष्टीची एवढी चर्चा झाली नसती.

संस्कृत काव्यशास्त्रात या विषयाचा जेवढा बारकाईने विचार झाला तेवढा प्राचीन युरोपातही झालेला दिसत नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभीच कविचोराची ओळख करून दिली. दुसऱ्याच्या रचनेतली अक्षरे बदलायची, मूळ बांधणीच्या खुणा दडवायच्या असा हा चोर, पण जाणकारांत तो न सांगताही ओळखू येतो, असे बाण म्हणतो. खुणा दडवणे हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. बाणाची नजर नेमकी लपवाछपवीवर गेली आहे.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने दोन कवितांतल्या साम्याचे तीन प्रकार केले. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे, तिसरे दोन माणसांच्या चेहऱ्यामोहऱ्यातल्या साम्यासारखे. पहिली दोन त्याने टाकाऊ ठरवली. तिसऱ्याला हरकत घेतली नाही, कारण दिसायला सारखी असली तरी ती दोन वेगळी, जिवंत माणसे असतात.

या विषयावरचा सर्वांत भरघोस ऐवज आहे राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त. कनौजच्या दरबारातला हा कवी नवव्या-दहाव्या शतकातला. त्याचा पणजा अकालजलद याला त्याने ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हटले आहे, त्यामुळे मराठी वाचकाशी त्याचे दुरून का होईना नाते पोचते. त्याचा हा ग्रंथ १९१६मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला. त्यातले ११ ते १३ हे तीन अध्याय फक्त ‘हरणा’ला, म्हणजे परक्याचे शब्द आणि अर्थ घेण्याला, वाहिलेले आहेत.

राजशेखर शब्दहरणाची पायरी पायरीने मोजणी करतो. एक पद घेतले, श्लोकाचा एक चरण घेतला, अर्धा श्लोक घेतला, अख्खा श्लोक घेतला, सगळा प्रबंध घेतला. अर्थहरणाच्या चार मुख्य तऱ्हा आणि त्यांचे बत्तीस पोटभेद तो मांडतो. कवी कोण कोणत्या जातीचा हेही सांगतो. काही नवे निपजवणारे, काही घेतलेले पालटणारे, काही झाकणारे, काही गोळा करणारे. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला वाणी नाही, असेही तो बेधडक म्हणतो आणि पुढे जोडतो की लपवणे ज्याला साधले तो निर्वेध राहतो. यात चोरीची शिफारस शोधणे फार झाले. लिहिणाऱ्यांचे जग कसे चालते हे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले होते.

याच प्रकरणात त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदलेले आहे. आचार्य म्हणतात, इतर चोऱ्या काळाबरोबर विस्मरणात जातात, शब्दांची चोरी मात्र पुत्रपौत्रांपर्यंत पुसली जात नाही. अवंतिसुंदरी यावर घेणाऱ्याच्या मनातली कारणे एकामागून एक मांडते. हा अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. याची वाणी गुळवेल, माझी द्राक्ष. याच्या भाषेला कोणी विचारत नाही, माझ्या भाषेला मान आहे. हे जाणणारे आता उरले नाहीत. याचा कर्ता दूरदेशी आहे. मूळ ग्रंथच नाहीसा झाला आहे. मूळ दुसऱ्या भाषेत आहे. अशी कारणे असतील तर कवीने खुशाल घ्यावे, असे तिचे म्हणणे. हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजची प्रत्येक सबब सापडते. तालुक्याच्या गावी लिहिणाऱ्या अनोळखी कवीची ओळ शहरातल्या गीतकाराने उचलली, परभाषेतल्या कथेवर इथला चित्रपट निघाला, छापखान्याबरोबर संपलेल्या जुन्या मासिकातला लेख कुणी नव्याने नावावर केला, की कारण यांपैकीच एखादे असते. आणि प्रत्येक कारणाचा अर्थ एकच निघतो : मूळ माणूस येऊन विचारणार नाही.

त्या चर्चेच्या अखेरीस राजशेखर आणखी एक वाक्य टाकतो. किंमत मोजून घेतलेले काव्यही हरणच होय. कीर्ती नाही मिळाली तरी चालेल, पण अपकीर्तीचा डाग नको. मार्शलने फिडेंटिनसला उपरोधाने सुचवले होते की कविता तुझ्या म्हणवून घ्यायच्या असतील तर विकत घे, म्हणजे त्या माझ्या राहणार नाहीत. राजशेखर ती पळवाटही बंद करतो. लिहिणारा राजी असला, त्याला पैसे मिळाले, तरी ऐकणाऱ्याची फसवणूक होतेच. पैसे देऊन प्रबंध लिहून घेणाऱ्यांना हा निवाडा आजही जसाच्या तसा लागू पडतो.

मराठी संतपरंपरेने या प्रश्नावर स्वतःचे उत्तर शोधले. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’. छापील मुखपृष्ठ नसलेल्या, पाठांतरावर आणि वहीवर चालणाऱ्या जगात कर्त्याचे नाव रचनेच्या आतच गुंफून टाकण्याची ही युक्ती. एकनाथांच्या मुद्रेत तर त्यांचे गुरू जनार्दनस्वामीही सामावले आहेत. शाहिरांनीही लावणी-पोवाड्याच्या अखेरीस आपले नाव घालण्याची रीत पाळली. मुद्रा मात्र अभेद्य नव्हती. नाव बदलले की अभंग दुसऱ्याचा होई. उलटेही घडले. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आणि दोघांना वेगळे करताना अभ्यासकांचा कस लागला.

ऋण मान्य करण्याची उदाहरणेही याच परंपरेत आहेत. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव सांगतात की आपण व्यासांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत इथवर आलो. नऊ हजार ओव्यांचा, स्वतःच्या प्रतिभेने तळपणारा ग्रंथ पुरा करताना त्यांना ही नोंद करावीशी वाटली. एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. लोकांनी आपल्या ओव्या ज्ञानदेवांच्या नावावर घुसडल्या होत्या. यापुढे जो असे करील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असे त्यांनी बजावले. स्वतःचे नाव दुसऱ्याच्या रचनेला लावणे आणि स्वतःची रचना दुसऱ्याच्या नावावर खपवणे, या दोन्ही बाबतींत वाचकाला खोटी वंशावळ दिली जाते.

एकोणिसाव्या शतकात मराठी रंगभूमी परभाषेतल्या नाटकांवर वाढली. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ १८८३मध्ये छापले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले. पुढे अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’ला ‘मोरूची मावशी’ केले आणि पुलंनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ रचली. फुलराणीची भाषा, तिचा रुसवा, तिचा ठसका इथल्या मातीतला आहे. मूळ कोणाचे हे सांगितल्याने पुलंचे श्रेय कणभरही कमी झाले नाही, उलट त्यांनी कथानकाचे काय केले हे प्रेक्षकाला ताडून पाहता आले. भाषांतर, रूपांतर, स्वैर अनुवाद, ‘बेतलेले’, ‘आधारित’ असे शब्द मराठीने या व्यवहारासाठीच घडवले. यांतला कुठलाही एक शब्द पहिल्या पानावर छापला की चोरीचा प्रश्नच मिटतो. तो छापायचा टाळला की तेच नाटक संशयाच्या फेऱ्यात सापडते.

कायद्याची नजर वेगळी आहे, आणि इथे फार घोटाळा होतो. स्वामित्वहक्काचा भंग आणि वाङ्मयचौर्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क चालतो. एखाद्या हयात लेखकाची कादंबरी कोणी त्याच्याच नावाने, पण परवानगीवाचून छापली, तर हक्काचा भंग होतो, वाङ्मयचौर्य होत नाही. तुकोबांचा अभंग कोणी आज आपल्या नावावर छापला तर ते उघड वाङ्मयचौर्य, पण त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. कायदा मुख्यतः उत्पन्नाची आणि मालकीची राखण करतो. कलम ५७ मात्र थोडे पुढे जाते. हक्क विकून टाकल्यावरही कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, असे ते सांगते. मार्शलच्या मुक्त गुलामाच्या कल्पनेचे हे कायदेशीर रूप म्हणता येईल.

कल्पना कोणाच्या मालकीची नसते, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक १९५३चे. प्रांताप्रांतांतल्या दुराव्यावरचे. १९५६मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आनंद यांना त्यात आपलेच नाटक दिसले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८च्या निकालात न्यायालयाने म्हटले की विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना यांवर हक्क सांगता येत नाही. हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्याचे ‘ही त्याची नक्कल आहे’ असे निःसंशय मत झाले तरच भंग ठरतो. या कसोटीवर आनंद हरले. पाहणाऱ्याचे मत निर्णायक मानणारी ही कसोटी बाणभट्टाच्या जाणकारांची आठवण करून देते.

विद्यापीठांच्या जगात हा प्रश्न सर्वांत कडक झाला, कारण तिथे लिखाणावर पदवी मिळते. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांचा डॉक्टरेटचा प्रबंध फेब्रुवारी २०११मध्ये एका कायद्याच्या प्राध्यापकाने परीक्षण लिहिण्यासाठी हाती घेतला आणि त्यात परक्याचे उतारे सापडू लागले. पाठोपाठ इंटरनेटवर अनोळखी वाचकांनी पानन् पान तपासले. प्रस्तावनेची सुरुवातच १९९७च्या एका वृत्तपत्रीय लेखातून आलेली निघाली. बायरॉइट विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि १ मार्च रोजी मंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांना याच कारणाने पद सोडावे लागले.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये यासाठी नियम केले. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. ६० टक्क्यांपर्यंत गेले तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. संदर्भासह दिलेले उतारे, संदर्भसूची, सर्वज्ञात माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजणीतून वगळले जातात. हे नियम आल्याने धाक बसला, मार्गदर्शकांना तपासणीची सवय लागली, हे खरे. पण टक्केवारी साम्य मोजते. लपवणूक मोजत नाही. सगळा प्रबंध पैसे देऊन लिहून घेतला तर साम्य शून्य येऊ शकते, आणि प्रामाणिकपणे भरपूर उतारे दिलेला, पण अवतरणचिन्हांत चुकलेला विद्यार्थी अडकू शकतो.

मराठीपुरती अडचण आणखी मोठी आहे. १४ शब्दांचा निकष इंग्रजीच्या अंगाने ठरला. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत त्याला पाच-सहा लागतात. म्हणजे मराठीतल्या सलग १४ शब्दांत पुष्कळ जास्त मजकूर मावतो. शिवाय जुळणी शोधणारी यंत्रणा आपल्याकडच्या साठ्याशीच ताडून पाहते. जुनी मराठी मासिके, विश्वकोशापलीकडचे संदर्भग्रंथ, जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेले गौरवग्रंथ यांतले किती तरी अजून शोधता येईल अशा अक्षररूपात संगणकावर आलेलेच नाही. इंग्रजी ग्रंथातले प्रकरण उचलून मराठीत उतरवले तर शब्दांची जुळणी होतच नाही. अवंतिसुंदरीची ‘मूळ दुसऱ्या भाषेत आहे’ ही सबब इथे बिनबोभाट चालते. ते ओळखू शकतो तो विषय जाणणारा परीक्षक, आणि त्याला वाचायला पुरेसा वेळ मिळत नाही.

प्रत्येक साम्य लबाडीतून येते असेही नाही. अंध आणि बधिर असलेली हेलन केलर ११ वर्षांची असताना तिने ‘द फ्रॉस्ट किंग’ ही गोष्ट लिहून बोस्टनच्या पर्किन्स संस्थेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापून आली आणि मार्गारेट कॅनबी यांच्या जुन्या गोष्टीशी ती जुळत असल्याचे निघाले. ती गोष्ट काही वर्षांपूर्वी हेलनच्या तळहातावर अक्षरे रेखून तिला ऐकवण्यात आली होती. ऐकल्याचे ती विसरली होती, शब्द मात्र आत राहिले होते. ज्या मुलीचे सारे जगच इतरांनी हातावर लिहिलेल्या शब्दांतून आले, तिला आपले कोणते आणि परके कोणते हे कसे कळावे? तरीही १८९२मध्ये या मुलीला शिक्षिकेविना एकटी बसवून आठ जणांच्या समितीने उलटतपासणी घेतली. त्यानंतर गोष्टी लिहिण्यातला तिचा आनंद गेला. पुढे तिच्या आत्मचरित्रात हे वाचून मार्क ट्वेनने तिला सहानुभूतीचे पत्र लिहिले. वाङ्मयचौर्याचा आरोप करणाऱ्याने हे प्रकरण ध्यानात ठेवले पाहिजे. जाणूनबुजून नाव पुसणे आणि नाव आठवत नसणे यांत नैतिक अंतर फार मोठे आहे.

आता प्रश्न नव्या रूपात आला आहे. समाजमाध्यमांवर मराठी कविता रोज हजारो हातांतून जातात आणि पहिल्या काही हातांतच कवीचे नाव गळते. कधी ‘साभार’ एवढाच शब्द उरतो, पण आभार कोणाचे हे लिहिलेले नसते. कधी अनोळखी माणसाच्या ओळींखाली पुलंचे किंवा वपुंचे नाव येते, म्हणजे एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या पोथीत दिसला तोच प्रकार. त्यात भर पडली आहे मजकूर तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालींची. अशा प्रणालीकडून निबंध लिहून घेतला तर कोणा एका लेखकाचे नाव पुसले गेले असे बोट दाखवता येत नाही. केवळ चोरीच्या कल्पनेने पाहिले तर गुन्हा सापडतच नाही. वाचकाला आणि परीक्षकाला दिलेल्या खोट्या माहितीच्या बाजूने पाहिले की सगळे स्वच्छ दिसते. आपण न लिहिलेले आपले म्हणून दिले, मग ते विकत घेतलेले असो वा यंत्राकडून करवून घेतलेले.

म्हणून मराठी प्रकाशक, संपादक आणि विद्यापीठे यांनी टक्केवारीच्या पलीकडे जाणे अगत्याचे आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानांत मूळ कृती, मूळ भाषा आणि मूळ लेखक यांची नोंद सक्तीची हवी. दिवाळी अंकांनी रूपांतरित कथेखाली मूळ कथेचे नाव छापावे. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याला त्याच्याच प्रबंधातले एखादे प्रकरण समोर ठेवून, हे कुठून आले, कोणाशी मतभेद झाला, काय स्वतः शोधले, असे तासभर विचारावे. जुनी मासिके अक्षररूपात शोधता येतील अशी करण्याचे काम हाती घेतले तर मूळ नावे पुन्हा सापडू लागतील, आणि ज्यांचा मजकूर ‘विचारायला कोणी येणार नाही’ म्हणून बिनदिक्कत उचलला गेला, अशा किती तरी विस्मृत लेखकांचा हिशेब त्यातून मांडता येईल.